एकच फोटो, तीन पडदे : टीव्ही घेताना व्यापाऱ्याने काय पाहावे?

कापडाचा नमुना दुकानाच्या उंबऱ्यावर नेऊन उन्हात पाहण्याचा दस्तूर धुळ्याच्या बाजारात जुना आहे. गिऱ्हाईक कितीही ओळखीचे असो, ते थान उचलते, दोन पावले बाहेर जाते आणि मगच भाव विचारते. आम्हीही माल घेताना तेच करीत आलो. पण गेल्या काही वर्षांत हा दस्तूर मोडत चालला आहे. सुरतेचा व्यापारी फोनवर फोटो पाठवतो, आम्ही तो दुकानातल्या टीव्हीवर मोठा करून दाखवतो आणि तिथल्या तिथे सौदा होतो. उंबऱ्यावरचे ऊन त्यात कोठेच येत नाही.

या सवयीची किंमत आम्ही मोजली आहे. एका लग्नसराईच्या तोंडावर पारोळ्याच्या एका गिऱ्हाइकाने आमच्या टीव्हीवर पाहून उन्नाबी रंगाचे चाळीस सूटपीस सांगितले. उन्नाबी म्हणजे बाजारात ज्याला मरून म्हणतात तो. माल आला, गठ्ठा सोडला, तर रंग तपकिरीकडे झुकलेला. गिऱ्हाईक म्हणाले, आम्ही पाहिला तो रंग हा नव्हे, त्यात राणी रंगाची झाक होती. सुरतेवाला म्हणाला, फोटो याच थानाचा आहे, फोनवर बघून घ्या. फोनवर बघितले तर तिसराच रंग! हिशेबाच्या जुन्या कॉम्प्युटरवर तोच फोटो उघडला, तेव्हा तो फिकट आणि मळकट दिसला. कोणी खोटे बोलत नव्हते, पण चाळीस सूटपीस आमच्या अंगावर पडले.

तेव्हापासून आम्ही या पडद्यांच्या मागे लागलो. शेजारी टीव्ही दुरुस्तीचे काम करणारे एक मिस्त्री आहेत, त्यांच्याकडे उघडे संच पाहिले, त्यांना पुष्कळ प्रश्न विचारून हैराण केले. त्यातून जे समजले ते व्यापारी आणि कारागीर बांधवांपुढे ठेवीत आहोत. आज टीव्ही हा करमणुकीपुरता राहिलेला नाही. शिंपी, जरीकाम करणारे, डिझाइन काढणारे, मागवाले, सगळेच कोणत्या ना कोणत्या पडद्यावर माल पाहून पैसे गुंतवीत आहेत.

पहिली गोष्ट ही की कोणत्याही पडद्यावर फक्त तीन रंग असतात. तांबडा, हिरवा आणि निळा. बाकीचे सारे रंग या तिघांच्या कमीजास्त मिश्रणातून डोळ्याला भासतात. उर्दू शाळेत आमच्या मास्तरांनी सात रंगांची पुठ्ठ्याची चकती गरगर फिरवून ती पांढरट करून दाखवली होती, ते अजून आठवते. हाही प्रकार तसलाच आहे. फरक आहे तो हे तीन रंग कसे पेटवले जातात आणि काळा रंग कसा दाखवला जातो यात.

जुन्या पिक्चर ट्यूबपासून सुरुवात करू. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९८२ मध्ये, दिल्लीच्या आशियाई स्पर्धांच्या वर्षी, देशात रंगीत चित्र आले. तेव्हापासून पुढे पंचवीस वर्षे घराघरात ट्यूबचाच संच होता. काचेच्या त्या मोठ्या पोकळ भांड्याच्या मागच्या टोकाला इलेक्ट्रॉन फेकणाऱ्या तीन बंदुका असत. त्यांचे झोत पुढच्या काचेच्या आतल्या बाजूला दिलेल्या रसायनाच्या लेपावर आदळत आणि तो लेप चमके. झोत डावीकडून उजवीकडे रेघ ओढीत जाई, अगदी मागावरच्या धोट्यासारखा. धोटा परतताना सूत टाकतो, हा झोत मात्र रिकामा परते, एवढाच फरक. आपल्याकडच्या पद्धतीत चित्र ६२५ रेघांचे असे, त्यातल्या ५७६ दिसत. आधी एक सोडून एक रेघ भरायची, मग मधल्या भरायच्या, असे सेकंदाला पन्नास वेळा चाले. म्हणजे झोत सेकंदाला १५,६२५ रेघा ओढत होता. कोणत्या मागाचे हे काम?

या ट्यूबचे दोष सर्वांना ठाऊक आहेत. वजन असे की एकोणतीस इंची संच उचलायला दोन माणसे लागत, आणि स्पीकर जवळ ठेवला की त्याच्या चुंबकाने पडद्याच्या कोपऱ्यात हिरवे-जांभळे डाग पडत. तरीही रंगाच्या बाबतीत ती इमानदार होती. अंधाऱ्या खोलीत तिचा काळा हा काळाच असे, कारण जेथे झोत पडला नाही तेथे प्रकाशच नाही. बाजूला बसणाऱ्यालाही समोरच्याइतकाच रंग दिसे. चित्राच्या कडा मऊ असत, आणि त्या मऊपणामुळे वाईट चित्रही खपून जाई.

मालेगावचे उदाहरण घ्या. नासिर शेख यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला. मागावर काम करणारी, छोटे धंदे करणारी मंडळी, हातातला व्हिडिओ कॅमेरा, आणि दाखवायला गावातले व्हिडिओ पार्लर. त्यांच्या या उद्योगावर फैजा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला आणि पुढे २०२५ च्या फेब्रुवारीत रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ थिएटरात लागला. त्या काळच्या व्हीएचएस कॅसेटमध्ये आडव्या मापात जेमतेम अडीचशे रेघांइतकाच तपशील मावत असे. ट्यूबच्या संचावर ते चित्र बरे वाटे, लोक शिट्ट्या वाजवीत. तीच कॅसेट आज पंचावन्न इंची पडद्यावर लावली तर चेहऱ्यांचे नुसते ठिगळ दिसेल. यात नव्या संचाचा दोष नाही. सूत कच्चे असेल तर भारी मागावर चढवल्याने ते पक्के होत नाही.

ट्यूब गेली कशी, याची एक हकीकत धंदेवाल्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे, आणि ती आपल्या महाराष्ट्रातलीच आहे. औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळ चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना होता. या कंपनीने २००५ मध्ये फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला. पोलंड, इटली, मेक्सिको, चीन, इतक्या देशांतले कारखाने एकदम हाती आले. पण २००७ च्या अखेरच्या तिमाहीत जगभरात एलसीडी संचांची विक्री ट्यूबच्या संचांपेक्षा पुढे गेली. अवघ्या दोन-अडीच वर्षांत पारडे फिरले. कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेली. त्याला कारणे अनेक होती, सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये रद्द केलेले मोबाइल परवानेही त्यात होते. तरी बाजार ज्या मालाकडे पाठ फिरवतो आहे तो स्वस्तात मिळाला म्हणून गोदामात भरणे काय असते, हे आम्ही कापडवाल्यांना कोणी समजावून सांगायला नको.

ट्यूबनंतर मध्यंतरी प्लाझ्मा आला. काचेच्या दोन तावांमध्ये बारीक खाने, त्यात वायू, आणि विजेने तो वायू पेटला की लेप चमकणार. रंग सुरेख, काळा छान, पण वीज खाणारा आणि गरम होणारा. २०१३-१४ मध्ये पॅनासॉनिक, सॅमसंग, एलजी या सर्वांनी तो बंद केला. कोणी जुना प्लाझ्मा स्वस्तात देऊ लागला तर घेऊ नये, सुटे भाग मिळत नाहीत.

आता आजच्या बाजाराकडे वळू. आग्रा रोडवरच्या कोणत्याही टीव्हीच्या दुकानात शिरा, एलईडी, क्यूएलईडी, मिनी एलईडी, ओएलईडी अशी नावे कानावर आदळतील. वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे की यातली पहिली तिन्ही नावे एकाच जातीची आहेत. ती सर्व मुळात एलसीडी आहेत. एलसीडी म्हणजे काय? भिंतीमागे कायम दिवा जळतो आहे आणि भिंतीला लाखो बारीक खिडक्या आहेत. प्रत्येक खिडकीला द्रवरूप स्फटिकाचा पडदा आहे, विजेने तो कमीजास्त उघडतो. काळा हवा तेथे पडदा ओढून घ्यायचा. पण पडदा कितीही घट्ट ओढला तरी फटीतून थोडा उजेड झिरपतोच. म्हणून एलसीडीचा काळा रात्री राखेसारखा दिसतो. काळ्या बुरख्याच्या कापडावर काळेच भरतकाम असेल तर अशा पडद्यावर ते अर्धे हरवते.

सुरुवातीला मागचा दिवा बारीक ट्यूबलाइटचा होता. २००९ च्या सुमारास त्या जागी एलईडीचे दिवे लावून त्याच मालाला ‘एलईडी टीव्ही’ हे नाव मिळाले. बल्ब बदलला म्हणून दुकानाचे नाव बदलावे, तसा हा प्रकार. क्यूएलईडीमध्ये निळ्या दिव्यापुढे अतिसूक्ष्म कणांचा एक थर देतात, त्यामुळे तांबडा आणि हिरवा अधिक शुद्ध निघतो. या कणांच्या संशोधनाला २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, तेव्हा ही केवळ जाहिरातबाजी नव्हे. मिनी एलईडीमध्ये मागे शेकडो-हजारो लहान दिवे असतात आणि चित्राच्या काळ्या भागामागचे दिवे मंद करता येतात. त्यामुळे काळा पुष्कळ सुधारतो, मात्र काळ्यावर पांढरी अक्षरे आली की भोवती धुकट वलय दिसते.

ओएलईडीची जात निराळी आहे. तेथे मागे दिवाच नाही, प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. कोडॅक कंपनीच्या टँग आणि व्हॅन स्लाइक या दोन शास्त्रज्ञांनी याचा पाया १९८७ मध्ये घातला, सोनीने २००७ मध्ये अकरा इंची संच काढला आणि २०१३ पासून एलजीचे मोठे संच बाजारात आले. विझलेला ठिपका म्हणजे पूर्ण अंधार, म्हणून याच्या काळ्याला तोड नाही. महागड्या फोनचे पडदेही याच जातीचे. पण दुकानदाराने हा संच घेण्यापूर्वी दोनदा विचार करावा. एक तर खान्देशातले दुपारचे ऊन दुकानात शिरते तेव्हा ओएलईडीची चमक कमी पडते. दुसरे म्हणजे दिवसभर एकच भावफलक किंवा दुकानाचे नाव लावून ठेवले तर महिन्यांनी त्याचा डाग पडद्यावर कायमचा उमटतो. घरी रात्री पाहण्यासाठी ज्याची ऐपत असेल त्याने जरूर घ्यावा.

एलसीडीतही दोन प्रकारचे पॅनेल असतात आणि विक्रेते हे सहसा सांगत नाहीत. आयपीएस नावाच्या प्रकारात बाजूने पाहिले तरी रंग टिकतो, पण काळा कमजोर. तेथे सर्वांत उजळ आणि सर्वांत काळ्यात साधारण हजारपटीचा फरक असतो. व्हीए नावाच्या प्रकारात तो तीन हजार पटींच्या वर जातो, मात्र बाजूला सरकले की रंग धुतल्यासारखा होतो. दुकानात गादीवर एका बाजूला आम्ही आणि दुसऱ्या बाजूला चार गिऱ्हाइके बसतात, तेथे आयपीएस चांगले. चौघांना चार रंग दिसले तर सौदा कसा व्हायचा?

फोर-के या शब्दाने मात्र फार भुलू नये. फुल एचडी पडद्यावर वीस लाखांवर ठिपके असतात, फोर-केवर त्याच्या चौपट, म्हणजे ब्याऐंशी लाखांवर. पण त्रेचाळीस इंची संच सात फुटांवरून पाहिला तर साध्या नजरेला हा फरक फारसा कळत नाही. कापडात नुसता सुताचा काउंट विचारणारे आणि रंगाई कशी आहे हे न विचारणारे गिऱ्हाईक असते, तसे हे होते. शिवाय व्हॉट्सॲपवर फोटो पाठवताना तो आपोआप आकसतो. सुरतेवाल्याला सांगावे की फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे तो जसाच्या तसा येतो.

आता आमच्या उन्नाबीचे काय झाले ते. फोटोतल्या रंगांचे एक ठरलेले माप आहे. ते १९९६ मध्ये त्या वेळच्या ट्यूबच्या मॉनिटरना समोर ठेवून बांधले गेले, आणि आजही व्यवहारात फिरणारे बहुतेक फोटो त्याच मापात असतात. आजचे क्यूएलईडी आणि ओएलईडी पडदे त्याहून कितीतरी गडद रंग दाखवू शकतात. पडद्याने ठरलेल्या मापातच राहावे असे सांगितले नाही तर तो फोटोतला रंग ताणून आपल्या ताकदीइतका भडक करतो. दुकानातून आलेला संच बहुधा ‘व्हिविड’ किंवा ‘डायनॅमिक’ या सेटिंगवर असतो, कारण शोरूममध्ये वीस संचांच्या रांगेत जो भडक तोच विकला जातो. त्यात पांढऱ्यालाही नीळ दिलेली असते. आपल्या धोबीघाटावर धोतराला नीळ देतात ती याच हेतूने. नीळ दिलेले पांढरे जास्त पांढरे वाटते. पण त्यामुळे मोतिया आणि क्रीम साधे सफेद दिसतात आणि मरूनमध्ये निळाई मिसळून राणीची झाक येते. आमच्या गिऱ्हाइकाला जी झाक दिसली ती कापडात नव्हती, निळीत होती.

मिस्त्रींनी रिमोट हातात घेतला, ‘पिक्चर मोड’मध्ये जाऊन ‘मूव्ही’ लावले आणि ‘कलर टेम्परेचर’मध्ये ‘वॉर्म’ केले. काही संचांत ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ असे नाव असते. पडदा एकदम पिवळट आणि मंद वाटू लागला, आम्हाला तर तो बिघडलाच असे वाटले. मग त्यांनी सूटपीसचा तुकडा पडद्याशेजारी धरला. रंग तंतोतंत नाही, पण सोळा आणे नव्हे तरी चौदा आणे जुळत होता. दोन बटणांची ही गोष्ट आधी माहीत असती तर आमचे नुकसान टळले असते. फोनमध्येही हेच. ‘डिस्प्ले’च्या सेटिंगमध्ये ‘व्हिविड’ काढून ‘नॅचरल’ करावे.

फोटो काढणाऱ्यानेही एक पथ्य पाळावे. संपूर्ण चौकटीत लाल साडीच असेल तर कॅमेरा तो लाल प्रकाश आहे असे समजून रंग थंड करतो. कोपऱ्यात कोऱ्या कागदाचा तुकडा ठेवून, सावलीतल्या दिवसाउजेडी फोटो घेतला तर कॅमेरा कमी फसतो आणि पाहणाऱ्यालाही कळते की कागद निळा दिसतो आहे म्हणजे पडदा लबाड आहे. दुकानातल्या स्वस्त एलईडी बल्बखाली तर फोटो काढूच नये. त्या उजेडात तांबडा फार मरतो. ट्यूबलाइटमध्ये जुळलेले दोन धागे उन्हात वेगळे निघतात हे रंगारी जाणतात.

संच घेण्याचा विचार असेल तर आम्ही जे केले ते सांगतो. एका पेनड्राइव्हमध्ये आपल्याच मालाचे दहा फोटो घेतले आणि त्याच थानांची कातरणे खिशात ठेवली. काळे, मरून, मोतिया आणि बाटली हिरवा एवढे पुरतात. शोरूममध्ये विक्रेत्याचा डोंगर-दऱ्यांचा नमुना बंद करायला लावला, मूव्ही मोड लावला, कातरण शेजारी धरले, मग बाजूला सरकून पाहिले. विक्रेता थोडा नाराज झाला, पण लाखांचा माल विकणाऱ्याला पाच मिनिटे द्यायला हरकत नसावी. आमच्या पाहण्यात एका मध्यम किमतीच्या साध्या आयपीएस संचाने दुप्पट किमतीच्या संचापेक्षा मोतिया चांगला दाखवला. काळ्यात मात्र तो हरला. आम्हाला काळ्याचा व्यापार कमी, म्हणून आम्ही तोच घेतला. बुरख्याच्या कापडाचा धंदा असता तर मिनी एलईडीच घेतला असता. २२ सप्टेंबर २०२५ पासून बत्तीस इंचांवरील संचांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे मोठा संच पूर्वीइतका जड राहिलेला नाही.

दुरुस्तीच्या कारागिरांविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. ट्यूबच्या काळात मिस्त्रीच्या हातात पुष्कळ होते. आज पॅनेल फुटले की नवा संच घेतलेला बरा, अशी स्थिती आहे. पण आवाज येतो आणि चित्र नाही, म्हणून कित्येक लोक संच भंगारात देतात, ते चूक आहे. अंधारात पडद्यावर टॉर्च मारून तिरपे पाहावे. पुसट चित्र हलताना दिसले तर पॅनेल शाबूत आहे, फक्त मागच्या दिव्यांची पट्टी गेली आहे. त्या पट्टीत दिवे एकामागे एक जोडलेले असतात, एक उडाला की सारी माळ विझते. पट्टी बदलता येते. बदलताना सर्व पट्ट्या एकदम बदलाव्यात, नाहीतर नव्या-जुन्यांच्या उजेडात तफावत पडून पडद्यावर पट्टे दिसतात. आणि दिव्यावरचे बारीक भिंग नीट बसवले नाही तर तेथे पांढरा ठिपका उमटतो. जो मिस्त्री ही भिंगे सावकाश बसवतो त्याच्याकडेच काम द्यावे, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. आणि दुरुस्तीनंतर ‘बॅकलाइट’ पूर्ण न ठेवता थोडा खाली आणावा, म्हणजे आपल्या उन्हाळ्यात पट्टी जास्त दिवस जाते.

ते चाळीस सूटपीस आम्ही ईदच्या बाजारात थोडे थोडे करून विकले, त्यातल्या काहींना तर गिऱ्हाइकांनी तोच तपकिरी रंग मागून घेतला. सुरतेच्या त्या व्यापाऱ्याशी आमचा व्यवहार चालूच आहे. फोटो तो आजही पाठवतो, आम्ही टीव्हीवर गिऱ्हाइकाला दाखवतोही. पण मागणी नोंदवण्यापूर्वी चार बोटांचे कातरण कुरिअरने मागवतो. दोन दिवस जास्त लागतात. कातरण आले की गिऱ्हाइकाला बोलावतो आणि दोघेही उंबऱ्याबाहेर जाऊन उभे राहतो.